इंजिन उघडायचं की चालू द्यायचं?

या ब्लॉगवर विमानाचा विषय निघाला की नातेवाइकांकडून हमखास दोन प्रश्न येतात. पहिला, "केवढ्याला पडलं?" आणि दुसरा, "एवढं जुनं विमान, भीती नाही का वाटत गं?" पहिल्याचं उत्तर मी टाळते :) दुसऱ्याचं मात्र नीट उत्तर द्यायला हवं, असं बरेच दिवस मनात होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्हा चौघांच्या भागीदारीत एक सेस्ना १७२ आहे. १९७५ सालचं, चार माणसं बसतील असं, एक पंखा आणि एक इंजिन. या जातीचं पहिलं विमान १९५५ मध्ये उडालं आणि तेव्हापासून आजवर ४४,००० हून अधिक विमानं बनली. म्हणजे विमानांमधली ही आपली लूनाच म्हणा ना. इथे ओहायोमध्ये कुठल्याही छोट्या विमानतळावर जा, दोन-चार तरी उभी दिसतील.

तर भीती. खरं सांगायचं तर विमानाच्या वयाची भीती वाटत नाही. भीती वाटते ती सल्ल्याची. मोठ्या विमान कंपनीकडे देखभालीचं एक अख्खं खातं असतं, इंजिनिअर असतात, एकाच जातीच्या शेकडो इंजिनांच्या नोंदी असतात. आमच्याकडे आम्ही चौघं, एक मेकॅनिक आणि एक वही. त्या वहीत आज काय लिहायचं, कुठला भाग बदलायचा, कुठला राहू द्यायचा, यावर सल्ला द्यायला मात्र रांग लागलेली असते. इंजिन बनवणारा एक सांगतो, वर्कशॉपवाला दुसरं सांगतो, विमानतळावर कॉफी पीत बसलेले सत्तरीचे वैमानिक तिसरंच काहीतरी सांगतात. आणि प्रत्येकजण अगदी ठामपणे सांगतो. यातलं कुणाचं ऐकायचं?

हा प्रश्न मला पडला तसा माझ्या आधी अनेकांना पडला होता. त्याचा इतिहास वाचायला लागले आणि त्यात गुंतत गेले. आजचा लेख त्याबद्दल. यंत्रांचा कंटाळा असलेल्यांनी मधले परिच्छेद गाळले तरी चालेल, शेवट मात्र वाचा.

सुरुवात अर्थात डेटनपासून. राइट बंधूंचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पण चार्ली टेलरचं फारसं कुणाला ठाऊक नसतं. हा १९०१ साली त्यांच्या सायकलच्या दुकानात कामाला लागला. विमानासाठी हलकं इंजिन हवं होतं आणि मोटारी बनवणाऱ्या कुणाकडूनच मनासारखं मिळेना. शेवटी १९०२-०३ च्या हिवाळ्यात टेलरने दुकानातल्या लेथवर आणि ड्रिलवर सहा आठवड्यांत ते बनवलं. चार सिलिंडरचं, साधारण १२ अश्वशक्तीचं. क्रँकशाफ्ट त्याने पोलादाच्या एका ठोकळ्यात भोकं पाडून आणि मग लेथवर घासून काढला. फेब्रुवारी १९०३ मध्ये चाचणी घेताना बेअरिंग धरलं आणि इंजिनाचं कवच फुटलं. मग नवं ओतून घेतलं. त्याच वर्षी १७ डिसेंबरला ते इंजिन उडालं.

या गोष्टीत मला आवडतं ते असं, की इंजिन बनवणारा, ते दुरुस्त करणारा आणि त्याच्यावर स्वतःचा जीव टाकून उडणारा, हे सगळे एका खोलीत होते. टेलर म्हणाला "चालेल", तर ऑर्व्हिल त्याच्या समोर उभा राहून "कशावरून?" असं विचारू शकत होता. आणि उत्तर टेबलावर पडलेलं असायचं, हाताला तेल लागेल इतकं जवळ. सल्ला विश्वासाचा की नाही हा प्रश्नच तिथे उभा राहत नव्हता.

पुढे ही खोली मोठी होत गेली आणि माणसं एकमेकांपासून लांब गेली. विमान एकाने बनवायचं, दुसऱ्याने विकत घ्यायचं, तिसऱ्याने उडवायचं, चौथ्याने दुरुस्त करायचं. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत लष्कराची उरलेली विमानं स्वस्तात मिळायला लागली आणि गावोगाव कसरती करणारे वैमानिक फिरू लागले. डागडुजी कोण करतोय, त्याला काय येतंय, हे बघणारं कुणी नव्हतं. १९२६ मध्ये एअर कॉमर्स ॲक्ट आला आणि त्यानंतर वैमानिकांबरोबर मेकॅनिकलाही सरकारी परवाना लागू झाला. १ जुलै १९२७ ला फ्रँक गेट्स गार्डनर नावाच्या माणसाला मेकॅनिकचा पहिला परवाना मिळाला.

परवान्याने फार मोठं काम केलं, त्याबद्दल शंकाच नाही. समोरच्याला काम येतं एवढी खात्री त्याने दिली. पण काम येणं वेगळं आणि "हे काम आत्ता करायला हवं का" याचं उत्तर बरोबर असणं वेगळं. शस्त्रक्रिया उत्तम करणारा डॉक्टर आणि शस्त्रक्रिया नको म्हणून सांगणारा डॉक्टर, यातला फरक आपल्याकडे घरोघरी माहीत आहे.

मग "केव्हा करायचं" हे ठरवलं कसं? तर घड्याळावर. अमुक तास झाले की उघडा, तमुक तास झाले की बदला. यामागची कल्पना अगदी साधी आणि पटण्यासारखी आहे. वस्तू वापरली की झिजते, झिजली की मोडते, म्हणून मोडायच्या आधी उघडून नवी करा. जितक्या वेळा उघडाल तितकी सुरक्षित. दुसरं महायुद्ध येईपर्यंत या समजुतीला फारसं कुणी आव्हान दिलं नव्हतं.

आव्हान दिलं ते एका जीवशास्त्रज्ञाने! कॉनरॅड वॉडिंग्टन. हा माणूस युद्धापूर्वी कोंबडीच्या अंड्यातला गर्भ कसा वाढतो याचा अभ्यास करायचा. युद्धात ब्रिटनच्या हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये शास्त्रज्ञांचा एक गट होता, त्यात तो आला आणि शेवटी त्या गटाचा प्रमुख झाला. काम होतं जर्मन पाणबुड्या शोधणाऱ्या विमानांचं. अडचण अशी, की विमानं होती, पण एका वेळी हवेत फार थोडी असायची. बरीचशी दुरुस्तीसाठी जमिनीवर.

या मंडळींनी मेकॅनिकना काही शिकवायचा प्रयत्न केला नाही. त्यांना त्यातलं काही कळतही नव्हतं. त्यांनी फक्त नोंदी मोजल्या. दर ५० तासांनी विमानाची ठरलेली तपासणी व्हायची. तपासणीनंतर किती तासांनी अचानक बिघाड निघतात हे त्यांनी मांडलं. तपासणीचा उपयोग होत असेल तर तपासणीनंतर लगेच बिघाड कमी हवेत आणि पुढच्या तपासणीपर्यंत वाढत जायला हवेत. झालं उलटंच. बिघाड सगळ्यात जास्त निघायचे ते तपासणीनंतर लगेच, आणि मग विमान उडत राहिलं की कमी कमी होत जायचे. म्हणजे तपासणीच काही बिघाड घडवत होती. नीट बसलेली गोष्ट हलवली जात होती. यावरून त्यांनी तपासण्यांमधलं अंतर वाढवायला आणि उगाचची कामं गाळायला सुचवलं.

आपल्याकडे चालत्या गाड्याला खीळ घालणं म्हणतात, ते हेच. माझा मामा एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक होता. त्याला मी हे वॉडिंग्टनचं सांगितलं तर तो म्हणाला, "यात काय नवीन? गाडी उघडली की दोन नट उरतातच!" (मामा हे वाचणार आहे, म्हणून शब्दशः लिहिलंय.) पण मामा, नवीन होतं ते हे, की कुणीतरी ते मोजलं. तोवर तो फक्त अनुभवी माणसाचा विनोद होता.

वॉडिंग्टनने युद्ध संपल्यावर याचं पुस्तक लिहिलं, पण गुप्ततेमुळे ते अडकून पडलं आणि बाहेर आलं ते १९७३ साली. म्हणजे ज्यांना हे कळायला हवं होतं त्यांच्या हाती ते पुस्तक पडायला पाव शतकाहून जास्त काळ गेला.

त्याच युद्धातली दुसरी गोष्ट पॅसिफिकमधली. १९४४ मध्ये चार्ल्स लिंडबर्ग, तोच एकट्याने अटलांटिक ओलांडणारा, कंपनीचा प्रतिनिधी म्हणून न्यू गिनीला गेला आणि तिथल्या वैमानिकांबरोबर पी-३८ विमानं उडवायला लागला. सगळे एकत्र जाऊन एकत्र परत यायचे, पण याच्या टाकीत पेट्रोल उरायचं ते इतरांपेक्षा कितीतरी जास्त. कारण तो इंजिन कमी फेऱ्यांवर आणि कमी पेट्रोलच्या मिश्रणावर चालवायचा. त्याने ही रीत इतरांना शिकवली तेव्हा इंजिनं खराब होतील अशी शंका निघाली. तोवर सगळ्यांना उलटंच सांगितलेलं होतं ना! पण उरलेलं पेट्रोल समोर दिसत होतं आणि इंजिनंही धड चालत होती. हळूहळू इतरांनीही तसंच उडवायला सुरुवात केली आणि विमानांचा पल्ला बराच वाढला. मला वाटतं, लिंडबर्गचं नाव मोठं होतं म्हणून त्याला बोलू दिलं असेल. ऐकलं मात्र टाकीमुळे.

आता १९६० चं दशक. जेट विमानं आली होती आणि विमान कंपन्या जुन्याच समजुतीने देखभाल करत होत्या. खर्च बेसुमार, आणि तरी काही बिघाड कितीही वेळा उघडलं तरी कमी होईनात. मग सरकार आणि कंपन्या एकत्र बसल्या आणि पुन्हा तेच, मोजायला सुरुवात केली. या सगळ्या कामाचं सार युनायटेड एअरलाइन्सच्या स्टॅनली नोलन आणि हॉवर्ड हीप या दोघांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी लिहिलेल्या अहवालात आलं. साल १९७८.

त्यातले आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुन्हा एकदा वाचले. विमानाच्या भागांपैकी वय वाढलं की बिघाडाची शक्यता वाढते असे भाग निघाले जेमतेम ११ टक्के. उरलेल्या ८९ टक्क्यांच्या बाबतीत ठरावीक तासांनी उघडून नवं करण्याचा काही फायदा दिसत नव्हता. त्याहून गंमत म्हणजे ६८ टक्के भाग असे होते, की जे नवे बसवल्यावर सुरुवातीलाच जास्त बिघडायचे आणि एकदा रुळले की शांतपणे चालत राहायचे. म्हणजे चांगला चालणारा भाग काढून नवा घालणं हे त्या भागांच्या बाबतीत धोका पत्करणंच होतं.

याचा परिणाम केवढा झाला बघा. जुन्या रीतीने आखलेल्या डीसी-८ च्या कार्यक्रमात ठरावीक मुदतीने ओव्हरहॉल करायच्या वस्तू होत्या ३३९. नव्या रीतीच्या डीसी-१० मध्ये राहिल्या ७. डीसी-८ च्या सांगाड्याची मोठी तपासणी २०,००० तासांवर न्यायला युनायटेडला ४० लाखांहून जास्त मनुष्यतास खर्चावे लागले होते. त्याहून मोठ्या ७४७ ला तिथपर्यंत पोचायला लागले ६६,०००. आणि यात सुरक्षिततेशी कुठेही तडजोड केलेली नव्हती.

इथे कुणी म्हणेल, मग प्रश्न सुटला की! उघडूच नका. पण त्या अहवालाचं खरं म्हणणं ते नाही, आणि हा भाग लोक सोयीने विसरतात. अहवाल सांगतो की प्रत्येक भागाबद्दल आधी विचारा, हा मोडला तर काय होईल? मोडला तर जीव जाईल अशा भागाला एक न्याय, मोडला तर फक्त गैरसोय होईल अशा भागाला दुसरा. मग विचारा, मोडण्याआधी तो काही खूण दाखवतो का? दाखवत असेल तर ती खूण शोधत राहा. आणि ज्या ११ टक्क्यांचं वय खरंच मोजावं लागतं, त्यांचं इमानदारीने मोजा. शिवाय हे आकडे मोठ्या विमानांचे, रोज उडणाऱ्या. आमच्यासारख्यांचं विमान कधी कधी तीन-तीन आठवडे हँगरमध्ये उभं असतं, आणि उभ्या इंजिनाला आतून गंज चढतो. तो तासांच्या हिशोबात येतच नाही.

मग हे शहाणपण छोट्या विमानांपर्यंत का पोचलं नाही? मला तीन कारणं दिसतात.

एक, मोजायला संख्या लागते. युनायटेडकडे शेकडो सारखी इंजिनं होती. माझ्याकडे एक आहे. एका इंजिनावरून सरासरी काढता येत नाही.

दोन, कोर्टकचेऱ्या. अमेरिकेत अपघात झाला की बनवणाऱ्यापासून दुरुस्त करणाऱ्यापर्यंत सगळ्यांवर दावे लागतात. ते इतके वाढले की सेस्नाने १९८६ मध्ये छोटी पिस्टन-विमानं बनवणंच थांबवलं. १९९४ मध्ये कायदा झाला, की १८ वर्षांहून जुन्या छोट्या विमानासाठी बनवणाऱ्यावर सहसा दावा लावता येणार नाही, तेव्हा कुठे कॅन्ससमधल्या नव्या कारखान्यात पुन्हा काम सुरू झालं. मधल्या दहा वर्षांत नवी विमानं नाहीत, म्हणून जुनीच जास्त जुनी होत गेली. आणि ज्याच्या डोक्यावर दाव्याची तलवार आहे तो माणूस सल्ला देताना "बदलूनच टाका" म्हणणार, यात त्याचा दोष काय? बदलून टाकल्याबद्दल सहसा कुणावर दावा लागत नाही.

तीन, आणि हे आमच्या लोकांनाही नीट माहीत नसतं, कायदा आणि सल्ला यातला फरक पुसट झाला. आमच्या इंजिनासाठी बनवणाऱ्याने सांगितलेली ओव्हरहॉलची मुदत २,००० तास किंवा १२ वर्षं. ही शिफारस आहे. खासगी वापराच्या विमानाला ती बंधनकारक नाही. बंधनकारक असतात ते सरकारने काढलेले खास आदेश आणि वर्षाची तपासणी. बाकी विमान उडण्याजोगं ठेवण्याची पहिली जबाबदारी कायद्याने मालकाची किंवा ते चालवणाऱ्याची. मेकॅनिकची नव्हे, बनवणाऱ्याचीही नव्हे. म्हणजे सल्ला कुणीही देवो, निवाडा मलाच करायचा आहे.

आता आमच्यावर आलेला प्रसंग सांगते, म्हणजे हे सगळं पुस्तकी वाटणार नाही.

काही वर्षांपूर्वी वर्षाच्या तपासणीत एका सिलिंडरचा दाब कमी निघाला. ही चाचणी सोपी असते. सिलिंडरमध्ये ८० पौंड दाबाची हवा सोडायची आणि तो किती धरून ठेवतो ते पाहायचं. बाकीच्या तिघांनी सत्तरच्या वर धरली, तिसऱ्या सिलिंडरने ५८. इंजिनाचे तास झाले होते १,८७०. वर्कशॉपचं म्हणणं पडलं की चारही सिलिंडर काढा, नाहीतर २,००० जवळ आलेच आहेत तर सरळ ओव्हरहॉलच करून घ्या. खर्च एका बऱ्यापैकी नव्या मोटारीएवढा. आमच्या चौघांत लगेच दोन तट पडले. एक भागीदार म्हणाला, "माझी मुलं बसतात त्यात, पैशाचं काय घेऊन बसलात!" आणि त्याच्यापुढे काय बोलणार? हा युक्तिवाद असा आहे की त्यानंतर सगळे गप्प बसतात.

पण मला त्याच्याच मुलांसाठी विचारावंसं वाटलं, की सिलिंडर काढणं हे न काढण्यापेक्षा सुरक्षित आहे हे कशावरून? सिलिंडर काढायचे म्हणजे ज्यावर अख्खं इंजिन आवळलेलं असतं ते मोठे नट सोडायचे आणि पुन्हा ठरावीक जोराने आवळायचे. ते चुकले तर सिलिंडर हवेत सुटतो. ५८ या आकड्यामागे काय आहे हे मात्र अजून कुणी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या एका विमानतळावरच्या वयस्कर मेकॅनिककडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हवा कुठून जातेय?" आम्हाला माहीत नव्हतं, कारण कागदावर फक्त आकडा होता. त्यांनी इंजिन चालवून गरम केलं, पुन्हा चाचणी घेतली, आणि कान लावून ऐकलं. हवा पिस्टनच्या रिंगांकडून जात होती, एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हमधून नाही. मग स्पार्क प्लगच्या भोकातून बोरोस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, घालून व्हॉल्व्ह दाखवला. रंग सगळीकडून सारखा, कड जळलेली नाही. तेलाचा फिल्टर कापून कागद पसरला, धातूचे कण नाहीत. म्हणाले, "दहा तास उडवा आणि परत या." दहा तासांनी आकडा आला ७१.

पण त्याच माणसाने मॅग्नेटोच्या बाबतीत मात्र ऐकून घेतलं नाही. इंजिनाला ठिणगी देणारे हे दोन मॅग्नेटो. त्यांच्या आतले भाग खरोखर झिजतात आणि साधारण ५०० तासांनी ते उघडून बघायचे असतात. आमचे ५०० ओलांडून गेले होते आणि त्याबद्दल आधी कुणी चकार शब्द काढला नव्हता. "हे आज उघडायचे," एवढंच ते म्हणाले. चालत असलेले मॅग्नेटो उघडले, आणि एकाच्या आतला कार्बनचा तुकडा पार झिजलेला निघाला.

एकाच दिवशी, एकाच माणसाकडून, एक "थांबा" आणि एक "आत्ता". दोन्हीमागे दाखवता येईल असं कारण. पहिल्या वर्कशॉपवर माझा राग नाही. त्यांनी भीतीपोटी सांगितलं, लबाडीने नाही. पण भीतीला ५८ आणि ७१ मधला फरक कळत नाही.

वर म्हटलं की एका मालकाकडे संख्या नसते. त्यावर या लोकांनी शोधलेला उपाय मला फार भावतो. १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी आणि त्याच्या मिलवॉकीतल्या मित्रांनी घरगुती विमानं बनवणाऱ्यांची एक संघटना काढली, एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन. आज दर उन्हाळ्यात ऑशकॉशला तिची मोठी जत्रा भरते. १९६७ मध्ये बोनान्झा विमानांच्या मालकांनी आपली वेगळी संघटना केली, आणि अशाच इतर जातींच्या मालकांच्याही आहेत. वरवर पाहिलं तर हौशी लोकांचे मेळावे. पण आत चालतं ते नोंदींची देवघेव. तुझा कुठला भाग किती तासांनी गेला, माझा किती तासांनी. शंभर एकेकट्या वह्या एकत्र आल्या की युनायटेडसारखी एक जाड वही तयार होते. तेलातला धातू तपासायची रीतही अशीच दुसरीकडून आली, १९४६ च्या सुमाराला डेन्व्हर अँड रिओ ग्रँड रेल्वेने डिझेल इंजिनांच्या तेलाची अशी तपासणी सुरू केली होती. आज मी तेलाची छोटी बाटली टपालाने पाठवते, त्याचं मूळ आगगाडीत आहे.

आणि सरकारचं काय? सरकारी आदेश आला की तो पाळायचा, त्यात वाद नाही. पण तो निघण्यापूर्वी वाद घालता येतो, ही गोष्ट मला लोकशाहीच्या धड्यासारखी वाटते. २०१३ मध्ये इथल्या विमान वाहतूक खात्याने प्रस्ताव मांडला, की एका ठरावीक बनावटीचे सिलिंडर हजारो इंजिनांमधून मुदतीआधीच काढावेत. मालकांनी, मेकॅनिकांनी लेखी हरकती घेतल्या. विशेष म्हणजे अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी मंडळानेही त्या प्रस्तावाला विरोध नोंदवला. इतके सिलिंडर काढण्या-घालण्यातच नवे धोके आहेत, हा वादातला एक मोठा मुद्दा होता. वॉडिंग्टनचा सूर, सत्तर वर्षांनी! आदेश शेवटी २०१६ मध्ये निघालाच, पण सिलिंडर टप्प्याटप्प्याने काढायची मुभा देऊन. कोण बरोबर होतं यावर लोक अजून भांडतात. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की सगळ्यात वरच्या खुर्चीलाही "कशावरून?" असं विचारता आलं आणि तिला उत्तर द्यावं लागलं.

तर नातेवाईक मंडळींनो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आता कुणीही सल्ला दिला की मी चार गोष्टी विचारते. तुम्ही काय पाहिलंत, मला दाखवाल का? हा भाग मोडला तर नेमकं काय होईल? मोडण्याआधी तो काही खूण दाखवतो का, आणि आपण ती शोधली का? आणि हे काम करण्यातच काय बिघडू शकतं? ज्याला या प्रश्नांचा राग येतो त्याचा सल्ला मी बाजूला ठेवते, मग त्याचा परवाना कितीही जुना असो. जो "थांबा, दाखवतो" म्हणून विजेरी शोधायला जातो, त्याच्याकडे मी पुन्हा जाते.

आणि पाचवा प्रश्न मी स्वतःला विचारते, कारण वर लिहिलेला सगळा इतिहास कंजूष माणसाच्या हातात पडला तर त्याला उत्तम निमित्त मिळेल. "युनायटेडनेच सांगितलंय, उघडू नका!" तेव्हा विचारायचं ते हे, की समजा हे काम फुकट झालं असतं, तरी मी नकोच म्हटलं असतं का? सिलिंडरच्या वेळी उत्तर हो होतं. मॅग्नेटोच्या वेळी नाही.

इंजिनाने २,००० तास ओलांडले, त्यालाही आता बरेच दिवस झाले. दर तेलबदलाला फिल्टर कापतो, बोरोस्कोपचे फोटो साठवतो, मागच्या फोटोंशी ताडून पाहतो. ज्या दिवशी फोटोत फरक दिसेल किंवा फिल्टरमध्ये चकाकी दिसेल त्या दिवशी ओव्हरहॉल, एक तासही जास्त नाही. ज्या भागीदाराची मुलं मागे बसतात, तोच आता फिल्टर कापायला सगळ्यात आधी हजर असतो.

असो. फारच लांबलं. मामा, नटांबद्दलचा तुझा अनुभव सविस्तर लिहून पाठव, पुढच्या लेखाला उपयोगी पडेल. आणि ब्लॉगवरच्या मित्रांनो, तुमच्या धंद्यात, दवाखान्यात, शेतात, कुठेही, "उघडू की चालू देऊ" हा प्रश्न तुम्ही कसा सोडवता, तेही जरूर कळवा.